पेन्सिल दिसते तेव्हा नमुना दिसत नाही : जुन्या सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा ल्युसिडा

जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उघडली की ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगांच्या, डब्यांशेजारी कधी कधी एक पटकन न ओळखू येणारी वस्तू निघते. नळीवर घट्ट बसेल असं एक कडं, त्याच्यावर बोटाच्या पेराएवढा चौकोनी ठोकळा, ठोकळ्याजवळून आडवा निघालेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला तिरका आरसा. हा कॅमेरा ल्युसिडा. सूक्ष्मदर्शकातलं दृश्य शेजारच्या कागदावर उमटल्यासारखं दिसावं आणि त्यावरून पेन्सिल फिरवून आकृती काढता यावी, यासाठी हे साधन असतं.

उमटल्या‘सारखं’ म्हणायचं कारण असं की कागदावर खरं तर काहीच पडत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिथे कोरा कागदच दिसतो. नमुना आणि पेन्सिल एकत्र येतात ते फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणूनच हे साधन बिघडल्यासारखं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं. डोळा, ठोकळ्यातलं छिद्र, आरसा आणि कागद या चौघांतलं कुणीतरी जागेवर नसतं, इतकंच.

एकाच बाहुलीची वाटणी

माणसाच्या डोळ्याची बाहुली खोलीतल्या उजेडात तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्या थोड्या भागातून सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश आत सोडला आणि उरलेल्या भागातून कागदाकडून आलेला, तर डोळ्यातल्या पडद्यावर दोन्ही दृश्यं एकावर एक बसतात. बहुतेक जुने कॅमेरा ल्युसिडा ही एकच युक्ती वापरतात. वाटणी कशी करायची, एवढाच प्रत्येकातला फरक.

विल्यम हाइड वॉलस्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०६ साली पेटंट घेतलं ते चार बाजूंच्या प्रिझमचं. (पॅलेडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्यं शोधणारा तो हाच.) प्रिझमचा एक कोन ९० अंशांचा, समोरचा १३५ अंशांचा आणि उरलेले दोन ६७.५ अंशांचे. आत शिरलेला प्रकाश दोनदा परावर्तित होऊन वर येतो. बघणाऱ्याने बाहुली प्रिझमच्या कडेवर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी धरायची. आतल्या अर्ध्यातून दृश्य, बाहेरच्या अर्ध्यातून कागद. मूळ उपयोग निसर्गचित्रांसाठी होता. सूक्ष्मदर्शकावर तो नंतर आला. नळी आडवी करून आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या, तोंडाशी प्रिझम लावायचा आणि वरून खाली टेबलावर बघायचं. यात त्रास एकच, पण मोठा आहे. डोकं मिलिमीटरभर सरकलं की एक दृश्य गायब होतं. शिकाऊ माणसाने वॉलस्टनच्या प्रिझमपासून सुरुवात करू नये.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांच्या आरशात बाहुलीपेक्षा लहान अशी चकचकीत पोलादी चकती आयपीससमोर ४५ अंशांत धरलेली असते. मधल्या भागाला चकतीतलं दृश्य मिळतं आणि चकतीच्या कडेने खालचा कागद दिसतो. लंडनचे डॉक्टर लायनेल बील यांनी याहून स्वस्त उपाय वापरात आणला. करड्या रंगाच्या काचेचा एक तुकडा आयपीससमोर ४५ अंशांत बसवायचा; काचेवरून दृश्य परावर्तित होतं आणि काचेतून आरपार कागद दिसतो. काच करडी का, तर साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन प्रत्येक रेघ दुहेरी दिसते. करडी काच मागच्या पृष्ठभागावरून येणारा प्रकाश जाता-येता शोषून घेते. घरी करून बघण्यासारखा कॅमेरा ल्युसिडा हाच.

पण बील आणि झ्योमरिंग दोघांच्याही साधनांत एक खोट आहे आणि ती चित्र पूर्ण होईपर्यंत लक्षात येत नाही. परावर्तन एकदाच होत असल्याने चित्र आरशातल्यासारखं उलटतं. साधा सूक्ष्मदर्शक दृश्य १८० अंशांत फिरवतो. कागद फिरवला की ते सरळ होतं. आरशातली उलट मात्र कागद कितीही फिरवला तरी जात नाही. पेशींच्या भिंती काढताना याने काही बिघडत नाही. वळणाला अर्थ असतो तिथे मात्र बिघडतं. समुद्राच्या गाळात सापडणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांच्या सूक्ष्म कवचांत निओग्लोबोक्वॉड्रिना पॅकिडर्मा नावाचा प्रकार आहे. त्याची डावीकडे वळलेली कवचं थंड पाण्याची खूण मानली जातात. बीलच्या काचेतून उजव्या वळणाचं कवच काढलं की कागदावर ते डावं होतं आणि कोमट समुद्र थंड ठरतो.

आपल्या हातातलं साधन कुठल्या जातीचं आहे हे ओळखायला छापील ‘क’ पुरेसा आहे. वर्तमानपत्रातलं सगळ्यात बारीक अक्षर कापून स्लाइडवर ठेवा, सर्वांत कमी शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हखाली त्याची आकृती काढा आणि कागद उलटा फिरवा. ‘क’ वाचता आला तर साधन सरळ आहे. कसाही फिरवून वाचता येत नसेल तर उलटवणारं आहे. अशा वेळी ट्रेसिंग पेपरवर काढून कागद पालथा घालायचा, म्हणजे काम भागतं.

आबेचा ठोकळा

पेटीत बहुतेक वेळा सापडतो तो आबे पद्धतीचा कॅमेरा. जर्मनीतल्या येना शहरातल्या झाइस कारखान्याचे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या नावाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत तो रुळला आणि पुढे अनेक कारखान्यांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. आपल्याकडच्या महाविद्यालयांत मिरर टाइप आणि प्रिझम टाइप या नावांनी ओळखले जाणारे अंबाल्याचे कॅमेरा ल्युसिडाही याच कुळातले.

वरच्या ठोकळ्यात दोन काटकोनी प्रिझम तिरक्या बाजूंनी एकमेकांना चिकटवलेले असतात. चिकटवण्याआधी एका तिरक्या बाजूवर चांदीचा मुलामा चढवून त्याच्या मधोमध एक ते दोन मिलिमीटरचं छिद्र सोडलेलं असतं. छिद्र काचेत नाही, फक्त चांदीत आहे. खालून आयपीसमधून आलेला प्रकाश या छिद्रातून सरळ वर डोळ्यात जातो. कागदाकडून निघालेला प्रकाश आधी दांड्याच्या टोकाच्या आरशावर, तिथून आडवा ठोकळ्यात, आणि चांदीवर आपटून वर डोळ्यात. कागदाचं दृश्य दोनदा परावर्तित होत असल्याने उलटापालट होत नाही. म्हणजे बाहुलीच्या मधल्या बारीक टिकलीतून नमुना आणि तिच्याभोवतीच्या कड्यातून पेन्सिल. नंतरच्या काही ठोकळ्यांत छिद्राऐवजी पूर्ण बाजूवर अर्धपारदर्शक मुलामा आला. ते डोळ्याला सोपे, पण दोन्हीकडचा उजेड कमी करणारे.

छिद्र कुठे असायला हवं?

आयपीसमधून बाहेर पडणारा सगळा प्रकाश आयपीसच्या थोडा वर एका बारीक गोल टिकलीत गोळा होतो आणि पुढे पसरतो. या टिकलीला रॅम्सडेनची चकती म्हणतात. छिद्र बरोबर त्या उंचीवर आणि बरोबर त्या मध्यावर आलं, तर अख्खं दृश्यक्षेत्र मिळतं. नाहीतर छिद्राची कड प्रकाश अडवते.

चकती शोधायला ट्रेसिंग पेपरचा तुकडा लागतो. दिवा लावा, नमुना फोकस करा, तुकडा आयपीसवर आडवा धरून हळूहळू वर न्या. प्रकाशाचा ठिपका लहान होत होत एका जागी सर्वांत लहान आणि रेखीव होतो, नंतर पुन्हा पसरतो. तीच चकतीची उंची. तिचा व्यासही हिशोबाने काढता येतो : ऑब्जेक्टिव्हवर कोरलेल्या एनएला, म्हणजे संख्यात्मक छिद्रमानाला, ५०० ने गुणा आणि एकूण वर्धनाने भागा. १० पट, ०.२५ एनएचं ऑब्जेक्टिव्ह आणि १० पट आयपीस असेल तर सव्वा मिलिमीटर. ४० पट, ०.६५ ला सुमारे ०.८. तेलातल्या १०० पट, १.२५ ला जेमतेम ०.६ मिलिमीटर. वर्धन वाढेल तशी चकती किती लहान होत जाते, ते या आकड्यांत दिसतं.

जुन्या ह्युगेन्स पद्धतीच्या (दोन साध्या भिंगांच्या) आयपीसांत ही चकती काचेच्या अगदी जवळ असते आणि आयपीस जितका जास्त शक्तीचा तितकी ती आणखी खाली जाते. १५ पटीच्या ह्युगेन्सवर ठोकळा कितीही खाली दाबला तरी छिद्र चकतीपर्यंत पोचत नाही, कारण ठोकळ्याची खालची अर्धी जाडी मध्ये येते. मग दृश्य आकसून मधल्या गोलापुरतं उरतं आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. अशा वेळी आयपीस बदलावा. ५ ते १० पटीचा आयपीस आणि जास्त शक्तीचं ऑब्जेक्टिव्ह ही जोडी नेहमी बरी. चष्मा लावून बघण्यासाठी बनवलेले उंच नेत्रबिंदूचे आयपीस २३.२ मिलिमीटरच्या नेहमीच्या नळीत बसतात, पण त्यांची चकती कधी कधी ठोकळ्याच्याही वर जाते. तेव्हा कडं वर सरकवून बघायचं.

बसवताना आधी ठोकळा बाजूला वळवून नमुना फोकस करून घ्या. मग कडं नळीच्या वरच्या टोकावर चढवून स्क्रू बोटाने घट्ट करा, पक्कड लावू नका. पातळ पितळी नळीला पोचा आला की ती आत-बाहेर सरकेनाशी होते. ठोकळा आयपीसवर आणा आणि आता डोळ्याला काय दिसतं ते नीट बघा, कारण चूक कुठली ते सावलीच सांगते. एका बाजूने चंद्रकोरीसारखी काळोखी आत आली असेल तर छिद्र आडव्या दिशेने सरकलंय; मध्याचे छोटे स्क्रू फिरवा. काळोखी चहूबाजूंनी सारखी असेल तर उंची चुकलीय. कडं वर-खाली करा. दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी मध्य, मग उंची.

उजेडाचा समतोल

पेन्सिल दिसते तेव्हा नमुना दिसत नाही आणि नमुना दिसतो तेव्हा पेन्सिल, ही तक्रार जवळजवळ नेहमी उजेडाची असते. आयपीसमधलं पांढरं शुभ्र दृश्य आणि अंधारातला कागद एकत्र आले की डोळा कागद बघतच नाही. म्हणून आबेच्या साधनात ठोकळ्याच्या खाली आणि आरशाकडच्या बाजूला धुरकट काचा फिरवून आणायची सोय असते, कमी-जास्त काळसर अशा चार-पाच पायऱ्यांची.

या काचा पेटीतून हरवलेल्या असणं हेही नेहमीचंच. त्यांच्या जागी काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या धुतलेल्या, एकसारख्या करड्या तुकड्याच्या बारीक चकत्या चालतात. त्याहून सोपं म्हणजे कागदावर उजेड कमी-जास्त करता येणारा छोटा एलईडी दिवा ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर साधा डिमर. उजेड कमी करायला कंडेन्सरची, म्हणजे नमुन्याखालच्या प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाची, झडप मिटवू नका. दृश्य काळवंडतं खरं, पण सोबत रेघांच्या कडेला खोट्या दुहेरी किनारी येतात आणि त्या भक्तिभावाने कागदावर उतरवल्या जातात.

उलटी चूकही होते. पेन्सिल दिसत नाही म्हणून कागदावर झगझगीत दिवा लावला, की बाहुली आकुंचन पावून दोन मिलिमीटरवर येते. छिद्रच दोन मिलिमीटरचं असेल तर भोवतालचं कडं उरतच नाही. कागद अधिक उजळला आणि तरी पेन्सिल अधिक अंधुक झाली, असं दिसलं तर हेच झालेलं असतं. खोली मंद, कागद मंद, दृश्य मंद, हा क्रम बरा. पार्श्वभूमी फार पांढरी असेल तर काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने काढून बघा. काळा कागद दृश्यात उजेडाची भर घालत नाही, आणि पांढरं टोक चमकून दिसतं.

४५ अंश आणि २५० मिलिमीटर

आरसा ४५ अंशांवर असेल आणि नळी उभी असेल तरच टेबलावरचा सपाट कागद बरोबर असतो. चांगल्या साधनांत आरशाच्या कण्यावर अंश कोरलेले असतात. आरसा ४० अंशांवर नेला, म्हणजे ५ अंश चुकला, की प्रकाशाची मधली रेघ कागदावर काटकोनाऐवजी १० अंश तिरकी येते. चूक दुप्पट होते, हे परावर्तनाचं साधं गणित. परिणाम मात्र साधा नाही. डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर ३९० मिलिमीटर आणि कागदावरच्या वर्तुळाची त्रिज्या १०९ मिलिमीटर असायला हवी असेल, तर एका बाजूला ती साधारण १०५ आणि समोरच्या बाजूला ११६ भरते. वर्तुळ लंबगोल होतं. म्हणून नमुना काढण्याआधी दृश्यक्षेत्राचा गोल काढा आणि त्याचे उभे-आडवे व्यास पट्टीने मोजा. सारखे आले तर पुढे जा.

आरसा ४५ अंशांवर नेता येत नसेल, कारण दांडा आखूड आहे आणि सूक्ष्मदर्शकाचा पाया आड येतो, तर जितके अंश चुकले त्याच्या दुप्पट अंशांनी फळी तिरकी करायची. नळीच मागे कलवली असेल तर फळीही तितकीच, त्याच दिशेने कलवायची. अंशचापाने मोजा, अंदाजाने नको.

आता अंतर. सूक्ष्मदर्शकाचं वर्धन ठरवताना दृश्य डोळ्यापासून २५० मिलिमीटरवर आहे असं गृहीत धरलेलं असतं. कागदही तितक्याच अंतरावर असेल तर १०० पट वर्धनाची आकृती कागदावर १०० पटच उतरते. अंतर मोजायचं ते छिद्रापासून आरशापर्यंत आडवं आणि आरशापासून कागदापर्यंत उभं, दोन्हींची बेरीज करून. आडवा भाग ९० आणि उभा ३०० असेल तर ३९० होतात, आणि आकृती १०० ऐवजी १५६ पट येते. स्लाइडवरचे १० मायक्रॉन कागदावर १.५६ मिलिमीटर. १० पट आयपीसचं नेहमीचं १.४ मिलिमीटरचं क्षेत्र कागदावर २१८ मिलिमीटर होतं, म्हणजे ए-फोर कागदाच्या रुंदीतही मावत नाही. कागदाखाली फळी ठेवून तो वर उचलण्याची पद्धत यातूनच आली.

याच हिशोबात लहान आरशाचं कोडं सुटतं. छिद्रापासून ९० मिलिमीटरवर प्रकाशाचा शंकू ५० मिलिमीटर रुंद झालेला असतो. आरसा तिरका असल्याने त्याची लांबी याच्या निदान १.४ पट, म्हणजे ७० मिलिमीटर तरी हवी. स्वस्त साधनांतला ४० मिलिमीटरचा आरसा क्षेत्राचा मधलाच भाग दाखवतो. तो दोष नव्हे, भूमिती आहे. आणखी काढायचं असेल तर स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) सरकवून तुकड्यातुकड्यांनी काढावं आणि सामाईक खुणांवरून जोडावं.

स्केल त्याच कागदावर

वरचा हिशोब समजण्यासाठी. कामासाठी त्यावर विसंबू नये. एक मिलिमीटरचे १०० भाग केलेला स्टेज मायक्रोमीटर स्लाइडच्या जागी ठेवायचा, आयपीस, नळीची लांबी, फळी, आरसा यातलं काहीही न हलवता त्याच्या रेघा कागदावर उतरवायच्या, एकदा उभ्या आणि एकदा आडव्या. जुन्या सूक्ष्मदर्शकाची आतली नळी बाहेर ओढता येते आणि तिच्यावर आकडे असतात. नेहमीची लांबी १६० मिलिमीटर, लाइट्झ कंपनीच्या जुन्या यंत्रांत १७०. नळी सेंटीमीटरभर सरकली तरी वर्धन बदलतं, म्हणून तो आकडाही कागदाच्या कोपऱ्यात लिहा.

हे किती महत्त्वाचं आहे ते फार्मसीच्या प्रयोगशाळेतल्या एका नेहमीच्या प्रयोगात दिसतं. सोनामुखीच्या पानातली शिरांची बेटं मोजायची असतात. पान क्लोरल हायड्रेटमध्ये पारदर्शक करून मधली शीर आणि कड यांच्या मधल्या भागात एक चौरस मिलिमीटरमध्ये शिरांनी वेढलेली किती बेटं आहेत ते बघायचं. अलेक्झांड्रियन सोनामुखीला २५ ते २९.५ आणि तिन्नेवेल्लीला १९.५ ते २२.५ असे आकडे पाठ्यपुस्तकांत असतात. (वनस्पतिशास्त्रज्ञ आता दोन्हींना एकाच जातीत धरतात, पण व्यापारात आणि परीक्षेत त्या वेगळ्याच राहिल्या आहेत.) आधी स्टेज मायक्रोमीटरवरून कागदावर एका मिलिमीटरची लांबी घेऊन चौरस आखायचा, मग पान ठेवून शिरा काढायच्या. चौरसाच्या कडेवर कापली गेलेली बेटं वरच्या आणि डाव्या बाजूवरची धरायची, खालच्या आणि उजव्या बाजूवरची सोडायची. १० पट ऑब्जेक्टिव्हला १.४ मिलिमीटरचं क्षेत्र असेल तर एक मिलिमीटरच्या चौरसाचा कर्ण १.४१ असल्याने त्याचे चारही कोपरे गोलाच्या कडेला टेकतात. तिथे दृश्य धूसर असतं. सलग चार चौरस मिलिमीटर एका दमात काढायचे असतील तर ४ पट ऑब्जेक्टिव्ह घ्यावं.

आता समजा, ३९० मिलिमीटर अंतरावर चौरस आखला आणि मग कुणीतरी हात टेकायला बरं म्हणून कागदाखाली ३५ मिलिमीटर जाडीचं पुस्तक सरकवलं. अंतर ३५५ झालं, शिरांचं चित्र सुमारे ९ टक्के लहान झालं, चौरस मात्र तेवढाच राहिला. त्यात आता २० टक्के जास्त बेटं मावतात. खरी २१ असतील तर मोजणी २५ च्या पुढे जाते आणि तिन्नेवेल्लीचं पान अलेक्झांड्रियन ठरतं. पानात काही बदललं नाही, फक्त एक पुस्तक आलं.

डोकं हलवलं की चित्र सरकतं

सगळं जुळलं तरी एक त्रास उरतो. डोकं किंचित हलवलं की पेन्सिलीच्या टोकाखालून नमुना सरकतो. कारण दोन दृश्यं वेगवेगळ्या अंतरावर आहेत. निवांत डोळ्याने फोकस केलेलं सूक्ष्मदर्शकाचं दृश्य खूप लांब असतं आणि कागद हाताच्या अंतरावर. उपाय असा : पेन्सिलीच्या टोकाकडे लक्ष ठेवून, ते स्पष्ट दिसत असतानाच, फाइन अ‍ॅडजस्टमेंट (बारीक फोकसचं चाक) हलकेच फिरवून नमुना त्याच अंतरावर आणायचा. डोकं हलवून दोन्ही एकत्र सरकतात का बघायचं. १० पट आयपीससाठी हा फरक आतल्या प्रतिमेच्या दोन-अडीच मिलिमीटर सरकण्याइतका असतो, त्यामुळे दृश्याच्या दर्जाला धक्का लागत नाही.

चाळिशी लागलेल्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून पेन्सिल अंधुक राहते. आरसा आणि ठोकळा यांच्यामध्ये, फक्त कागदाच्या वाटेत, वाचायच्या चष्म्याचं +२.५ किंवा +३ चं भिंग टेकवलं की काम होतं. मात्र भिंग लावल्यावर स्केल पुन्हा काढायला हवी. उणे ३-४ नंबरवाल्यांना चष्मा काढून बसल्यास या साधनावर सर्वांत आराम वाटतो. कमी दिसण्याचा असा फायदा क्वचितच मिळतो.

प्रत्यक्ष काढताना बाह्यरेषा आणि ठळक खुणा कॅमेऱ्यातून घ्या आणि बारीक तपशील नंतर थेट आयपीसमधून बघून हाताने भरा. दर रेघ कॅमेऱ्यातून काढायचा हट्ट केला की रेघ थरथरते. जाड नमुन्यात फाइन अ‍ॅडजस्टमेंट वर-खाली करत वेगवेगळ्या पातळ्यांवरचे भाग एकाच आकृतीत उतरवता येतात. फांद्या फुटत खोल गेलेली चेतापेशी किंवा बुरशीचा तंतू साध्या फोटोत अर्धा धूसर येतो, तो इथे पूर्ण येतो. आज फोटो इतके सोपे असतानाही काही जण हे साधन का वापरतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

जुनं साधन घेताना आणि जपताना

चोरबाजारात, जुन्या बाजारात किंवा मोडीत निघालेल्या प्रयोगशाळेच्या सामानात कॅमेरा ल्युसिडा सापडला तर ठोकळा खिडकीकडे धरून आरपार बघा. चांदीच्या काळसर पडद्यात मधोमध एक रेखीव उजळ ठिपका दिसायला हवा. ठिपक्याची कड खाल्लेली, भोवती तपकिरी डाग, म्हणजे चांदी गेलीय. इंद्रधनुषी वलयं किंवा नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसली तर प्रिझम जोडणारा कॅनडा बाल्सम सुटायला लागलाय. थोडी सुटलेली कड चालते. मध्यापर्यंत पोचली असेल तर चित्र दुहेरी येईल.

असा ठोकळा झायलीनने पुसू नका, बाल्सम विरघळतो. पितळेवरच्या सोनेरी लाखेच्या थराला स्पिरिट लावू नका, तो थरही जातो. फुंकणीने धूळ उडवा, मऊ ब्रशने झाडा, आणि गरज असेल तरच ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकून ओलसर कापसाने बाहेरच्या बाजू पुसा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात काचेवर बुरशीचं जाळं चढतं. तिथे ठोकळा वेगळ्या घट्ट डबीत सिलिका जेलसोबत ठेवावा, मखमली अस्तराच्या मूळ पेटीत नाही, कारण ती मखमलच ओल धरते.

आरशाला पेन्सिलीचं टोक टेकवून बघा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसली तर मुलामा काचेच्या मागे आहे, आणि असा आरसा पेन्सिलीची रेघ दुहेरी दाखवू शकतो. मोडक्या स्कॅनरमधला किंवा झेरॉक्स मशीनमधला लांब अरुंद आरसा समोरून मुलामा दिलेला असतो. त्याचा तुकडा कापून चौकटीत दोन बाजूंनी मेणाच्या थेंबाने बसवला की जुना मूळ आरसा पेटीत जपून ठेवता येतो. कापताना मुलाम्याची बाजू खाली स्वच्छ मऊ कागदावर, आणि चरा मागच्या बाजूने.